दिवाळीची साफसफाई: घरातलंच सामान, पण कुठे काय चालतं?

ओसरी
नवरात्र सरलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर साफसफाईच्या व्हिडिओंचा पूर येतो. त्यातला दर दुसरा एकच असतो. सिंकमध्ये खाण्याचा सोडा घाला, वर व्हिनेगर ओता, फसफसलं की "बघा कशी घाण निघाली!" कसली घाण निघतेय? व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं ते सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. त्याने ना तेलकटपणा जात, ना क्षार. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, फक्त एका वेळी एकच वापरायची.

आमच्या सासूबाईंना दमा आहे. फिनाईल आणि सुगंधी स्प्रे मारला की त्यांचा खोकला सुरू होतो, म्हणून या वस्तू घरातून हळूहळू गेल्या. तेव्हापासून मी बाटल्यांपेक्षा डागाकडे बघायला लागले. तेलाचा चिकटा असेल तर अल्कली. पांढरे क्षार, गंज, तांब्या-पितळेवरचा काळेपणा असेल तर आम्ल. रोजची धूळ आणि मळ असेल तर साधा साबण नाहीतर रिठा. बाकी सगळं घासण्याच्या जोरावर.

स्वयंपाकघरात गॅसमागच्या टाइल्सवर जो पिवळा चिकट थर बसतो, त्याला खाण्याचा सोडा पुरत नाही. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा जोर सांगणारा आकडा, जेमतेम ८च्या वर. धुण्याचा सोडा ११च्या आसपास जातो आणि किराणा दुकानात स्वस्तात मिळतो. कढत पाण्याच्या भांड्यात दोन चमचे विरघळवायचा, जुन्या सुती साडीचा तुकडा त्यात बुडवून टाइल्सवर तसाच चिकटवायचा आणि दहा मिनिटं दुसरं काम करायचं. नंतर फडकं ओढलं की तुपकट थर त्याच्याबरोबरच येतो. हातमोजे हवेतच, कारण हा सोडा कातडीचं तेलही काढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना अजिबात लावायचा नाही, ती काळी पडतात.

नळावरच्या क्षारांना लिंबूसत्व, म्हणजे वाण्याच्या भाषेत सायट्रिक अ‍ॅसिड. वाटीभर पाण्यात चमचाभर, त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवायचं. आमच्याकडे अर्धं वर्ष टँकरचं पाणी असतं, त्यामुळे शॉवरची भोकं बुजतात. तिथे तेच पाणी पिशवीत भरून शॉवरला रबराने बांधते.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. आणि काय चालत नाही तेही लिहा, ते कोणी सांगत नाही.

पाचवा_मजला
छान धागा. वाचनखूण साठवली आहे. टाइल्सचं आजच करून बघते.

चुनखडी
ओसरीताई, वर्गवारी पटली. पण "क्षारांना आम्ल" हे वाक्य लोक उचलतील आणि थेट फरशीवर लिंबू पिळतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फरशीच्या धंद्यात आहे, रोज हेच बघतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत काय असतं? खाली शहाबादी, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, जिन्याला कोटा, देवघराला संगमरवर. हे चारही दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचे. नळावरचा पांढरा थर ज्याचा असतो, तोच पदार्थ. जे आम्ल नळावरचा थर विरघळवतं ते फरशीही विरघळवणारच, त्याला नळ आणि फरशी यांतला फरक कळत नाही. काळ्या कडाप्प्यावर लिंबाची अर्धी फोड उपडी राहिली की सकाळी तिथे गोल, फिकट, खरखरीत डाग दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं डाग पडलाय, काढून द्या. डाग पडलेला नसतो, वरचं पॉलिश खाल्लं गेलेलं असतं. ते पुसून येत नाही, मशीन लावून पुन्हा पॉलिशच करावं लागतं. जुन्या मोझॅक टाइल्सचंही तेच: सिमेंट आणि संगमरवराचे खडे, दोघांनाही आम्ल चालत नाही.

आपला दगड कुठला ते कळत नसेल तर ओट्याखाली, कपाटामागे, जिथे कोणी बघत नाही तिथे लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुन्याचा दगड. लगेच पाण्याने धुवा आणि पुन्हा आम्ल त्याच्या जवळ नेऊ नका. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना साधारण काही होत नाही, पण त्यांच्या सांध्यांत सिमेंट असतंच, तेवढं ध्यानात ठेवा.

मग शहाबादी पुसायची कशाने? कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, पिळून घट्ट केलेलं फडकं, नंतर साध्या पाण्याचा एक हात. बस. बाथरूमच्या शहाबादीवर 'अ‍ॅसिड' ओतून ब्रश मारणारे जे लोक दारावर येतात, त्यांना हात जोडून परत पाठवा. ते ओततात ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. पहिल्या दिवशी फरशी उजळ दिसते, कारण वरचा थर गेलेला असतो. मग तिची भोकं उघडी पडतात आणि मळ पूर्वीपेक्षा लवकर धरते. गिऱ्हाईक पुन्हा त्यालाच बोलावतं.

मोगरा_७२
अगदी! आमच्या वाड्यातल्या फरशीला चकाकी यावी म्हणून काही जण पाण्यात रॉकेल घालून पुसायचे. काका, ते बरं की वाईट?

चुनखडी
वाईट. चकाकी दिसते ती तेलाच्या पातळ थराची. त्यावर धूळ चिकटते, पाय घसरतो, वास कोंडतो, आणि घरात ज्वालाग्राही पदार्थ पसरतो तो वेगळाच. रॉकेल स्टोव्हात होतं तेवढं ठीक होतं.

सालपट
या धाग्यावर बायोएन्झाइम अजून कसं आलं नाही? संत्री-मोसंबी-लिंबाची सालं कचऱ्यात टाकणं बंद करा मंडळी. गूळ १, सालं ३, पाणी १०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम सालं, १ लिटर पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर चांगली जागा सोडा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, नाहीतर बाटली फुगून फुटेल. काचेची बरणी तर नकोच. ३ महिन्यांनी गाळून घ्या. वर पांढरट साय दिसली तर घाबरू नका. थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपनवोंग यांच्या नावाने ही कृती जगभर फिरते आणि आता आपल्याकडे गच्चीवरच्या बागा करणाऱ्यांमुळे घरोघर पोचली आहे. बादलीभर पाण्यात एक-दोन झाकणं घालून फरशी पुसते, मुंग्याही कमी झाल्यात. बाजारातलं सगळं बंद केलंय मी. सिंक, संडास, काच, भाजी धुणं, सगळ्याला हेच!

परीक्षानळी
सालपटताई, चिडू नका, पण "सगळ्याला हेच" याला माझी हरकत आहे. (हलकंच घ्या.)

गूळ-पाण्यात आधी यीस्ट काम करतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. पुढे जिवाणू त्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतात. ३ महिन्यांनी तुमच्या हातात येतं ते मुख्यतः सालींच्या वासाचं घरगुती व्हिनेगर. त्यात विकरं (एन्झाइम) थोडीफार असतीलही, पण इतक्या आंबट द्रवात ती फारशी जोमात नसतात. त्यामुळे ते चुनखडी यांच्या यादीतल्या दगडांवर न पातळ करता ओतायचं नाही. बादलीत झाकणभर घातलं तर ते इतकं पातळ होतं की दगडाला काही होणार नाही. मात्र खरं सांगायचं तर मळालाही फार काही होत नाही. फरशी स्वच्छ होते ती तुम्ही घासून पुसता म्हणून.

दुसरं, जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबू नका. एरवी घराला जंतुनाशक लागतच नाही, साबण-पाणी पुरतं. पण घरात उलट्या-जुलाब लागले असतील तर संडासाला ब्लीचच हवं. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ केलेलं ब्लीच, सांगितलं होतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी. आधी साबणाने धुऊन मग हे लावायचं, मळ असेल तर क्लोरीन मळातच खर्ची पडतो.

सालपट
चिडले नाही हो. पण आमच्या घरातून ओला कचरा किती कमी झाला ते तुम्ही धरलंच नाही. आणि सिंकच्या जाळीचा वास खरंच जातो, रोज बघतेय. फरशीचं मान्य, आमच्याकडे व्हिट्रिफाइड आहे म्हणून कधी प्रश्न आला नाही.

परीक्षानळी
कचऱ्याचा मुद्दा एकशे एक टक्के मान्य. वासाचाही मान्य, आंबट पाण्यात दुर्गंधी करणारे जिवाणू कमी वाढतात.

तुळशीकट्टा
बाळांनो, सगळं वाचलं. माझं वय बघता मला 'नैसर्गिक' वेगळं शिकावं लागलं नाही, दुसरं काही नव्हतंच. राजापूरकडचं माहेर. भांड्यांना चुलीची राख आणि नारळाची शेंडी. राखेतही खारच असतो, म्हणून तूप-तेल धरते. राख चाळणीतून चाळून घ्यायची, खडा राहिला तर भांड्यावर ओरखडा उठतो. आता गॅसवर राख कुठली, पण ज्यांच्या घरी बंब आहे त्यांनी टाकू नये.

तांब्याच्या घागरीला चिंचेचा कोळ आणि मीठ. चिंच नसली तर सोलकढी करून उरलेली आमसुलं. ती दुसऱ्यांदा भिजवून खाण्यात अर्थ नसतो, पण तांब्याला त्यांच्यात भरपूर आंबटपणा शिल्लक असतो. हातात धरून चोळलं की काळसर घागर लालभडक होते, बघत राहावंसं वाटतं. एकच सांगते, मिठाचा हात लावलात तर लगेच खळखळून धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग धरतं.

आता रिठा. तुम्ही लोक आख्खा उकळता आणि फेस येत नाही म्हणून टाकून देता. साबण टरफलात असतो, बी काढून टाकायची. दहाबारा रिठ्यांची टरफलं तांब्याभर पाण्यात रात्री भिजत घाला, सकाळी मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळा, कोमट झालं की हाताने कोळा आणि फडक्याने गाळा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. हे पाणी टिकत नाही, दोन-तीन दिवसांत आंबतं, लागेल तेवढंच करायचं. रेशमी लुगडी, लोकरीच्या शाली, सोन्याच्या बांगड्या याच पाण्यात. पैठणी मात्र आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर बघून, रंग सुटत नाही ना, मगच. आणि पिळायची नाही, पंचात गुंडाळून पाणी टिपायचं. देशावरचे लोक रेशमाला हिंगणबेटाच्या फळाचा गर वापरायचे असं माझ्या जाऊबाई सांगत, त्या सोलापूरच्या.

मशीनमध्ये रिठा टाकून रोजचे कपडे धुवा असं मी सांगणार नाही. कॉलरचा मळ त्याने निघत नाही.

पाचवा_मजला
आजी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे!

मांडवीकाठ
तुळशीकट्टाआजींना गोव्यातून अनुमोदन. आमच्याकडे पितळेची समई बिंबलांनी, म्हणजे एका आंबट फळाने, घासतात. झाडाखाली पडून वाया जाणारी बिंबलं मधोमध चिरायची आणि तीच ब्रशासारखी फिरवायची. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्यामुळे पांढऱ्या कपड्यावरचा गंजाचा डागही निघतो. रंगीत कपड्यावर मात्र करू नका.

मनीची_आई
एक विनंती. घरात मांजर असेल तर 'नैसर्गिक' शब्दाला भुलू नका. टी ट्री, निलगिरी, पाइन आणि लिंबूवर्गीय तेलं ही सगळी झाडांपासूनच येतात, पण मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. फरशीच्या पाण्यात ती घातली की मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनाईलचंही तेच. आमच्या ओळखीतलं एक मांजर अशाच 'हर्बल' फरशी-पुसणीने लाळ गाळायला लागलं आणि अडखळत चालायला लागलं, तातडीने डॉक्टरकडे न्यावं लागलं. वाचलं सुदैवाने.

झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या करण्याचा सल्ला इथे कोणीतरी देणारच आहे. झुरळं मरतात, खरं आहे. पण रांगतं मूल किंवा जनावर असेल तर त्या गोळ्या ओट्याखाली उघड्या ठेवू नका. कापराच्या वड्याही मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेल्या तर झटके येऊ शकतात. कपड्यांत डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाची सावलीत वाळवलेली पानं आणि वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत ठेवते. वासाला बरे, पण दर पावसाळ्यानंतर बदलावे लागतात.

ओसरी
मनीची_आई, धन्यवाद. हे धाग्यात यायलाच हवं होतं.

रात्रपाळी
मी इस्पितळात काम करते, त्यामुळे एकच गोष्ट ठासून सांगते. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र नाही. व्हिनेगर असो, लिंबू असो की संडासाचं अ‍ॅसिड असो, ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर त्याला भेटली की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावाल्या काच-क्लीनरबरोबरही ब्लीच नको, त्याने क्लोरामाइन होतं. दिवाळीच्या आधी हमखास होणारा प्रकार म्हणजे बाथरूमचं दार बंद, आधी एक ओतलं, 'निघालं नाही' म्हणून त्यावर दुसरं. डोळे चुरचुरले, घसा आवळला तर पहिलं काम म्हणजे बाहेर पडायचं. पाणी टाकायला, बाटली उचलायला आत परत जायचं नाही. दार-खिडक्या बाहेरून उघडता आल्या तर उघडा. श्वास लागत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

घरात दोन्ही वापरत असाल तर दिवस वेगळे ठेवा. आमच्या घरी तसंच आहे.

नाक्यावरचा
सगळं छान चाललंय, पण एक विचारू का? चिंच चोळणार कोण, राख चाळणार कोण, टाइल्सवर फडकी चिकटवणार कोण? धागा वाचून उद्या सगळे कामाच्या मावशींच्या हातात रिठ्याचं पाणी देणार. नैसर्गिक सफाईला वेळ जास्त लागतो, आणि तो बहुतेक घरांत दुसऱ्याचा असतो. हे माझं वैयक्तिक मत.

मोगरा_७२
मुद्दा बरोबर आहे. आमच्या मावशींनी धुण्याच्या सोड्याला सरळ नाही म्हटलं. "ताई, चार घरची भांडी करते, हाताला आधीच भेगा आहेत." त्या बरोबर होत्या. आता सोड्याचं काम मी रविवारी हातमोजे घालून करते आणि त्यांना भांड्यांचा साधा साबण आणि चांगल्या प्रतीचे मोजे. मोजे त्या घालत नाहीत, ते वेगळं. म्हणतात भांडं निसटतं.

नाक्यावरचा
बोटांच्या मापाचे घेतले तर निसटत नाही. आपण सगळ्यांना एकाच मापाचे आणतो.

इसारकाठ
म्युनिकहून लिहितेय. इथलं पाणी इतकं जड आहे की चहाच्या किटलीत महिन्याभरात पापुद्रा धरतो. इथल्या दुकानांत सायट्रिक अ‍ॅसिडची भुकटी सफाईच्या रांगेत किलोने मिळते. ओसरी, एक भर घालते: लिंबूसत्व गार पाण्यातच वापरायचं. किटलीत घालून उकळलं तर त्याचं आणि कॅल्शियमचं कॅल्शियम सायट्रेट होतं, ते तळाला घट्ट बसतं आणि मूळच्या थरापेक्षा चिवट निघतं. गार पाण्यात अर्धा तास ठेवून ओतून द्यायचं. उकळायचंच असेल तर व्हिनेगर घ्या, पण मग घरभर वास.

ओसरी
हे माहीत नव्हतं! आईकडे पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली आहे, तिला आजच सांगते.

पाचवा_मजला
टाइल्सचं केलं. फडकं ओढल्यावर जे निघालं त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी करत नाही. पण टाइल्सच्या मधल्या हळदीच्या डागांवर सोडा लागल्यावर ते लालभडक झाले! काय बिघडलं?

परीक्षानळी
काही बिघडलं नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, म्हणूनच कुंकू हळदीपासून होतं. पाण्याने धुतलंत की परत पिवळं. हळदीचा खरा शत्रू म्हणजे ऊन. कपडा असेल तर साबणाने धुऊन ओलाच कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत डाग फिका पडतो. भिंतीवरच्या टाइल्सना ऊन कुठून आणणार? तिथे ब्रशने घासायचं आणि धीर धरायचा.

पाचवा_मजला
जाता जाता, चिमणीची जाळीपण आहे. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बुडवून ठेवू ना?

ओसरी
थांब! जाळी कशाची आहे ते आधी बघ. बऱ्याच चिमण्यांच्या जाळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. फ्रिजवरचं चुंबक लावून बघ. चिकटलं तर लोखंडाच्या जातीची, बिनधास्त बुडव.

परीक्षानळी
उलटं धरू नका मात्र. काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही. नाही चिकटलं तर हातात घेऊन बघा, अ‍ॅल्युमिनियम फार हलकं लागतं. शंका असेल तर कढत पाणी आणि भांड्यांचा साबण.

पाचवा_मजला
नाही चिकटलं. आणि हलकीही आहे. म्हणजे साबण, कढत पाणी आणि जुना दाताचा ब्रश. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "धाग्यावर अजून कोणी सोपा उपाय दिलाय का बघ ना."

तुळशीकट्टा
सांग त्याला, दिलाय. पाणी तापत ठेव म्हणावं.